ऑफिसात अ‍ॅडमिन मी एकटीच. अडलं तर विचारू कुणाला?

‘ताई, मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत अ‍ॅडमिन ऑफिसर आहे. खातं म्हणाल तर मीच. रिसेप्शन, हाउसकीपिंग, सिक्युरिटी, स्टेशनरी, साहेबांचे दौरे, मिटिंगांची व्यवस्था, सगळ्या एएमसी म्हणजे मशीनांच्या देखभालीचे वार्षिक करार, सगळं माझ्याकडे. एका ट्रेनिंगमध्ये दुसऱ्या कंपन्यांत माझ्यासारखंच काम करणाऱ्या चौघी भेटल्या. नंबर घेतले आणि ते तेवढ्यावरच राहिलं. पुढे आमचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं आणि ते काम एकटीच्या अंगावर पडलं, तेव्हा धीर करून त्यांतल्या एकीला फोन लावला. तिने अर्ध्या तासात जे सांगितलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही पाचजणी अधूनमधून बोलतो, काही अडलं की मेसेज टाकतो. परवा साहेबांनी मला असं बोलताना ऐकलं आणि चारचौघांत म्हणाले, “बाहेरच्या लोकांशी गप्पा मारायचा पगार देत नाही आपण.” आता मैत्रिणींचा फोन घ्यायलाही धजत नाही. हे सगळं बंद करू का? शिवाय दोन पेच आहेत. एकीने आमच्या हाउसकीपिंग एजन्सीचे रेट मागितले, मी दिले नाहीत, ती दुखावली. आणि दुसरीने तिच्या ऑफिसात एक जागा निघणार असल्याचं सांगितलं. मी नुसतं ऐकून घेतलं, तरी कंपनीशी बेइमानी केल्यासारखं वाटतंय. – एकटी’

बंद करू नका. चारचौघांत असं ऐकून घ्यावं लागलं की वाईट वाटतंच, पण त्या एका वाक्यापायी तुमच्या कामातला सगळ्यात मोठा आधार सोडून देऊ नका. साहेबांशी कसं बोलायचं ते पुढे सांगते. आधी थोडं तुमच्या सहीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाची निम्मी फोड त्या ‘एकटी’तच आहे.

अकाउंट्समध्ये शंका आली की शेजारच्या टेबलाकडे मान वळवली की झालं. विक्रीवाले रोज सकाळी एकमेकांची तोंडं बघतात. सॉफ्टवेअरवाल्यांचं काम तर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. कंपनीतल्या बहुतेक खात्यांना आपलं काम कळणारं दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर मिळतं. अ‍ॅडमिनला बहुतेक ठिकाणी ते मिळत नाही. साहेबांना विचारावं, तर त्यांनी हे काम तुमच्यावर सोपवलंय तेच मुळी स्वतःला त्याचा विचार करावा लागू नये म्हणून. त्यातून हे काम नीट झालं की कुणाला दिसत नाही. वीज गेली, जनरेटर लागला, कुणाच्या मिटिंगमध्ये खंड पडला नाही. त्यामागे कुणीतरी आधीच सर्व्हिसिंग करून घेतलं होतं आणि डिझेलची पातळी बघितली होती, हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. तुम्हाला काय येतं हेच जिथे ठाऊक नाही, तिथे काय येत नाही ते कोण शिकवणार?

म्हणून माझं म्हणणं असं की तुमचे खरे सहकारी तुमच्या कंपनीबाहेर आहेत. तुम्ही पाचजणी पाच वेगवेगळ्या इमारतींत बसता, पण खातं एकच आहे. ते खातं कुठल्याही तक्त्यावर दाखवलेलं नसतं, एवढंच.

‘गप्पा’ या आरोपावर एक जुना पुरावा आहे आणि तो नेमका फोटोकॉपी मशीनच्या निमित्ताने मिळालेला आहे. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा अभ्यास केला. मशीनवर अमुक खूण आली की तमुक पायरी करा, अशी जाडजूड पुस्तकं कंपनीने तंत्रज्ञांना दिलेली होती. ऑर त्यांच्यासोबत फिरले, त्यांच्यासोबत जेवायला बसले, आणि त्यांना दिसलं की खरी अवघड मशीनं पुस्तकातून दुरुस्त होतच नव्हती. ती दुरुस्त होत होती जेवणाच्या टेबलावरच्या किश्श्यांतून. ‘माझ्याकडे एक मशीन असंच करत होतं, खूण दाखवत होतं एक आणि बिघडलेलं होतं भलतंच’, असं एकाने सांगायचं, दुसऱ्याने त्यात आपली भर घालायची. बाहेरून बघणाऱ्याला तो टाइमपास वाटला असता. पुढे १९९०च्या दशकात त्याच कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्या गोळा करणारी यंत्रणा उभी केली. तिचं नाव ‘युरेका’. त्यात प्रत्येक युक्तीसोबत ती सांगणाऱ्याचं नाव राहायचं. थोडक्यात, ज्याला कुणी गप्पा म्हणालं असतं त्यावर कंपनीने स्वतःहून पैसे खर्च केले.

तुमच्या कामाच्या आणखी जवळचं उदाहरण, माणसं कामातून कशी शिकतात याचे अभ्यासक एटिएन वेंगर यांचं आहे. एका विमा कंपनीत आरोग्य विम्याचे दावे तपासणाऱ्या कारकुनांमध्ये बसून त्यांनी पाहणी केली. त्या कारकुनांना एक हिशेबाचा तक्ता दिलेला होता: या रकान्यातला आकडा त्या रकान्यातून वजा करा, वगैरे. तक्ता सगळ्यांना भरता यायचा, पण तो तसाच का भरायचा हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि फोनवर चिडलेला ग्राहक तेच विचारायचा. मग कारकून आपसांत बोलून त्यातून वाट काढायचे. ऑफिसची कामं करणाऱ्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. आपल्याला फॉर्म देतात, त्यामागचं कारण देत नाहीत.

आता तुमचं ऑफिस हलवण्याचं उदाहरण घेऊ. त्या अर्ध्या तासात तुमच्या मैत्रिणीने काय सांगितलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. इंटरनेटची लाइन मिळायला लागणारा वेळ सामान हलवायच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून जागेच्या करारावर सही झाली की पहिला अर्ज तिचा. मंजूर वीजभार नव्या मशीनांना पुरतो का ते आधी बघ. सामानाची लिफ्ट कोणत्या वेळात वापरू देतात ते इमारतीच्या मॅनेजरकडून लेखी घे. जुन्या जागेच्या करारात ‘मूळ स्थितीत परत’ असं कलम असेल तर पार्टिशन काढायचा, भिंती रंगवायचा खर्च आपल्या माथी येतो. ते कलम आजच वाच. प्रत्येक केबलला चिठ्ठी लाव. वाटेतल्या तुटफुटीचा विमा घे. आणि पत्ता बदलायचा तो लेटरहेडवरच नाही. बँक, विमा, सगळ्या नोंदण्या, कुरिअरवाले, मशीनांच्या एएमसी, सगळीकडे बदलावा लागतो. यातलं एकही गुपित नाही. पण हे सगळं एका जागी, या क्रमाने, ज्याने नुकतंच निस्तरलंय त्याच्याच डोक्यात असतं. मूव्हर्सचा माणूस हे सांगणार नाही, कारण त्याचं काम ट्रकपाशी संपतं.

एएमसीचंही तसंच. कोटेशनमध्ये रक्कम मोठ्या अक्षरात असते. यूपीएसच्या बॅटऱ्या त्यात धरलेल्या नाहीत, कॉपियरचा ड्रम सुटा धरलाय, महिन्याला अमुक पानांचे पैसे वापर झाला नाही तरी भरावेच लागतात, साठ किंवा नव्वद दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढच्या वर्षात जातो, हे सगळं आतल्या बारीक अक्षरांत. ज्याला एकदा फटका बसलाय तो कोटेशन हातात घेतल्याबरोबर शेवटचं पान उलटतो. ते पान उलटायची सवय तुम्हाला स्वतः फटका खाल्ल्याशिवाय लागावी, याचा दुसऱ्यांशी बोलण्याइतका स्वस्त मार्ग मला माहीत नाही. एजन्सीबद्दलही कागदावर न येणारं पुष्कळ असतं. पहिले दोन-तीन महिने अनुभवी माणसं पाठवतात आणि मग हळूच नवखी आणून उभी करतात; सुपरवायझर फोन उचलतो का; माणूस रजेवर गेला तर बदली वेळेवर येतो का. व्हेंडरने स्वतः दिलेल्या संदर्भांना फोन केला तर सगळे गोडच बोलतात. संदर्भ तुम्ही शोधून काढलेला असेल, तरच त्याला किंमत.

आणि एक गोष्ट अशी आहे जिच्यात मिनिटं मोजावी लागतात. साहेबांच्या नावाने मेल येते: ‘मी मिटिंगमध्ये आहे, फोन करू नका, ताबडतोब एवढे गिफ्ट व्हाउचर घेऊन त्यांचे कोड पाठवा.’ किंवा नेहमीच्या व्हेंडरच्या नावाने: ‘आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या नव्या खात्यात करा.’ ही फसवणूक जगभर चालते आणि तिचा रोख मुद्दाम आपल्यासारख्यांवर असतो. साहेबांच्या वतीने खरेदी करणारं, पेमेंटची कागदपत्रं पुढे पाठवणारं आणि साहेबांना उलट प्रश्न विचारायला बिचकणारं माणूस त्यांना हवं असतं. तुमच्यातल्या एकीला सकाळी अशी मेल आली आणि तिने लगेच चौघींना कळवलं, तर दुपारी तुमच्याकडे आलेली मेल तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. तोवर नियम एकच: मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. साहेब चिडले तर चिडू देत.

आता साहेब. त्यांचं बोलणं मला उर्मट वाटलं, पण त्यामागची शंका अगदीच खुळी नाही. कोण राजीनामा देणार, कोण कुणाला बंद दाराआड भेटलं, कोणत्या गावच्या तिकिटांची बुकिंग अचानक वाढली, हे कंपनीत अ‍ॅडमिनला सगळ्यांच्या आधी कळतं. असं माणूस बाहेरच्यांशी मोकळेपणाने बोलताना ऐकलं की वरिष्ठ दचकणारच. तेव्हा त्यांना मैत्रीचं महत्त्व पटवत बसू नका. त्यांना काम दाखवा. एक शांत वेळ बघून सांगा: ‘नव्या जागेत पहिल्या दिवशी इंटरनेट चालू होतं, जुन्या जागेचा डिपॉझिटचा वाद झाला नाही, कारण दुसऱ्या कंपनीतल्या अ‍ॅडमिनने मला आधी सावध केलं होतं. मी अशा चारजणींच्या संपर्कात आहे. आपल्या कंपनीची कुठलीही आतली माहिती मी देत नाही, आणि देणारही नाही.’ तुमच्याकडे प्रत्यक्ष जे घडलं ते घाला. न घडलेलं काही घालू नका. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच म्हणा. आणि लांबलचक फोन डेस्कवरून करू नका. कामाच्या वेळेत एखादा नेमका प्रश्न, तोही मेसेजवर. बाकीचं बोलणं सुट्टीच्या वेळेत. हे साहेबांना घाबरून करायचं नाही. ओपन ऑफिसात तुमचं बोलणं दहाजण ऐकत असतात आणि त्या दहाजणांना संदर्भ माहीत नसतो, म्हणून करायचं.

रेटच्या बाबतीत तुम्ही बरोबर वागलात. पुष्कळ करारांत दर गुप्त ठेवण्याचं कलम असतं. ते नसलं तरी तो दर कंपनीने घासाघीस करून मिळवलेला असतो. तो वाटायचा हक्क तुमचा नाही. पण तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणून थांबला असाल तर तिथे एक संधी गेली. रेट न सांगताही तिला उपयोगी पडेल असं बरंच सांगता येतं: दरात गणवेश आणि सफाईचं साहित्य धरलंय का ते वेगळं विचार, सुट्टीच्या दिवशी माणूस लागलं तर कसा हिशेब करतात ते लिहून घे, कोटेशन किमान तीन ठिकाणांहून घे आणि तिघांनाही कामाची यादी तीच दे, नाहीतर तुलनाच होत नाही. एवढं हातात असलं की तिला आपला योग्य दर आपण काढता येतो, आणि तो तुमच्या दरापेक्षा तिच्या जास्त कामाचा. तिला फोन करून हे सांगा. राग बहुधा नकाराचा नसून कोरड्या नकाराचा असतो.

पगाराबद्दलही एकदा तुमच्या तुमच्यात स्पष्ट बोलून घ्या. आपला स्वतःचा पगार मैत्रिणीला सांगणं ही एक गोष्ट. नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघून ती ज्याची त्याने ठरवावी. कंपनीतल्या इतरांचे पगार, पुढच्या वर्षी किती वाढ द्यायचं ठरतंय हे सांगणं ही अगदी वेगळी गोष्ट. अमेरिकेत न्याय खातं आणि फेडरल ट्रेड कमिशन यांनी २०१६ साली मनुष्यबळ विभागांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात स्पर्धक कंपन्यांनी आपसांत पगाराची माहिती वाटून घेणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं असं बजावलं होतं. कायदे जागोजागी वेगळे असतात, पण दोन ऑफिसांतली सहज गोष्ट दोन कंपन्यांमधली देवाणघेवाण कशी ठरू शकते, याचं भान त्यावरून यावं.

लिहिण्याच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे. मेसेज पुढे जातो, स्क्रीनशॉट निघतो, नंबर बदलतो आणि जुना फोन दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून व्हेंडरबद्दल लिहिताना घडलं तेवढंच लिहा. ‘तीन वेळा तक्रार केली, आठवड्याने माणूस आला’ हे चालेल. ‘चोर आहेत’ हे चालणार नाही. एखादा फॉर्म किंवा चेकलिस्ट मैत्रिणीला द्यायची तर कंपनीचं नाव, लोगो, माणसांची नावं, नंबर काढून, शक्य तर कोऱ्या फाइलमध्ये नव्याने लिहून द्या. फाइलच्या आत जुनी नावं लपून राहतात. आणि व्हेंडरची शिफारस केल्याबद्दल कधीही, कुठल्याही रूपात काही घेऊ नका. मैत्रिणीच्या कंपनीत काम मिळालं म्हणून एजन्सीने तुम्हाला ‘आठवण’ म्हणून काही पाठवलं आणि तुम्ही ते ठेवून घेतलंत, तर पुढे तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. चौघींनाही हे सुरुवातीलाच सांगून टाका; नंतर सांगायला अवघड जातं.

देवाणघेवाण टिकते कशी, याचं फार मोठं शास्त्र नाही. प्रश्न नीट विचारा. ‘कुणाला चांगला ट्रॅव्हल एजंट माहीत आहे का?’ याला उत्तर येत नाही, आलं तर नुसतं एक नाव येतं. ‘आठजण, दोन देश, मधे एक मुक्काम, तारखा बदलायची शक्यता, परवापर्यंत बुकिंग हवं; आत्ताचा एजंट तारीख बदलायला दोन दिवस लावतो’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला विचार करता येतो. एखादी लगेच विचारेल, आठही पासपोर्टांची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त उरली आहे का बघितलंस? पुष्कळ देश त्याशिवाय आत घेत नाहीत. आणि सल्ला घेतला की पुढे काय झालं ते कळवा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. सांगणाऱ्याला आपला सल्ला लागू पडला की फसला हेच कळलं नाही तर तोही तिथेच राहतो, तुम्हीही तिथेच राहता.

पाच हा आकडा चांगला आहे, तो वाढवायच्या मागे लागू नका. मोठ्या गटाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आधी ओळखीच्या ओळखीने माणसं येतात, मग त्यांत अ‍ॅडमिनच्या नावाखाली दोन-चार व्हेंडर शिरतात, मग सुविचार सुरू होतात, आणि ज्या दिवशी खरोखर काही विचारायचं असतं त्या दिवशी आपण हात आखडता घेतो. कारण वाचणारे कोण आहेत तेच ठाऊक नसतं. ‘मला हे येत नाही’ असं म्हणता येणं हाच या गटाचा मुख्य उपयोग. अनोळखी दोनशेजणांसमोर तसं कोण म्हणेल? एखादं माणूस घ्यायचंच असेल तर तुमच्यापेक्षा वेगळं घ्या: खूप मोठ्या संस्थेतलं, किंवा इस्पितळ, शाळा असल्या निराळ्या ठिकाणचं, किंवा निवृत्तीला आलेलं. पाचहीजणी सारख्याच ठिकाणी अडणाऱ्या असल्या तर गाऱ्हाणीच फार होतात.

गाऱ्हाण्यांना माझी हरकत नाही म्हणा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये ऑफिसांत काम करणाऱ्या मूठभर स्त्रिया अशाच एकमेकींशी बोलायला लागल्या. आपल्याला वाटणारा त्रास आपल्या एकटीचा नाही, पगार सगळ्यांचेच तुटपुंजे आहेत, साहेबांची घरची कामं सगळ्यांकडूनच करून घेतली जातात, बढती कुणालाच नाही, हे त्यांना त्या बोलण्यातून कळलं. त्यातून १९७३ साली ‘नाइन टु फाइव्ह’ ही संघटना उभी राहिली. त्यांच्या मागण्यांमध्ये एक साधी मागणी होती: आमच्या कामाचं स्वरूप आम्हाला लेखी द्या. तुमच्या पत्रातली ‘सगळं माझ्याकडे’ ही ओळ वाचताना मला तीच आठवली. पाचहीजणींनी आपापल्या कामांची यादी लिहून काढा आणि अदलाबदल करून वाचा. तुम्ही करता पण यादीत लिहायचंच विसरलात अशी चार कामं दुसरीच्या यादीत हमखास सापडतील. ती पूर्ण यादी पुढच्या मूल्यमापनाच्या वेळी साहेबांसमोर ठेवा. पन्नास मिनिटांच्या गाऱ्हाण्यांपेक्षा ती जास्त बोलेल.

या क्षेत्रात मोठ्या रीतसर संस्थाही आहेत. अमेरिकेतली सेक्रेटरींची संघटना १९४२ साली स्थापन झाली. १९९८पासून ती इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोफेशनल्स या नावाने चालते, परीक्षा घेते, प्रमाणपत्रं देते. असं काही तुमच्या आवाक्यात असेल तर जरूर करा, बायोडेटात ते दिसतं. पण संध्याकाळी सहा वाजता, सर्व्हर रूमचा एसी बंद पडलाय आणि एएमसीवाला ‘उद्या येतो’ म्हणतोय, तेव्हा संघटनेला फोन करता येत नाही. मैत्रिणीला करता येतो.

राहिली नोकरीची गोष्ट. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं होतं, ज्याच्याकडून कळलं त्या माणसाची आणि तुमची भेट किती वेळा होत असे? नेहमी, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्यांकडून कळलेले निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं; नवी बातमी थोड्या लांबच्या ओळखीतून येते. त्यांनी विचारलेली माणसं तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामातली होती, आपल्या कामातली नव्हती. पण २०२२ साली लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांवरच्या प्रयोगांतूनही साधारण तेच निघालं, की नोकरी मिळण्याच्या दृष्टीने अगदी घट्ट आणि अगदीच नाममात्र यांच्या मधल्या ओळखी जास्त उपयोगी पडतात. ट्रेनिंगमध्ये भेटलेली, महिन्यातून एकदोनदा बोलणारी मैत्रीण म्हणजे नेमकी अशीच ओळख. तेव्हा तिने जे केलं ते जगात सगळीकडे चालतं आणि तुम्ही जे ऐकलं त्यात बेइमानी काही नाही. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या मेलवरून त्या जागेचा पाठपुरावा केलात, किंवा मुलाखतीत इथली आतली माहिती बोललात, तर ती बेइमानी.

मात्र ती बातमी अजून जाहीर झालेली नसेल, तर तुमच्या मैत्रिणीने तिच्या ऑफिसची एक आतली गोष्ट तुम्हाला सांगितली आहे, हे लक्षात ठेवा आणि उरलेल्या तिघींपाशीही बोलू नका. जाहिरात निघाली की अर्ज सगळ्यांसारखा, रीतसर वाटेने करा. तिचं नाव सांगायचं का ते आधी तिला विचारा. आणि त्या जागेच्या कामाचं लेखी स्वरूप मागवून घ्या. तुम्ही काढलेल्या यादीशेजारी ठेवून ते वाचलंत की जायचं की थांबायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.